नकाराखाली सही कुणाची?

बँकेत असताना परत जाणाऱ्या प्रत्येक चेकबरोबर एक लहानशी चिठ्ठी जोडावी लागे. 'रिटर्न मेमो' म्हणत तिला. तिच्यावर कारणांची छापील यादी असे: खात्यात पुरेशी रक्कम नाही, सही जुळत नाही, तारीख पुढची आहे, अंकी व अक्षरी रकमेत फरक आहे. लागू पडणाऱ्या कारणापुढे खूण करायची आणि खाली अधिकाऱ्याने आपले इनिशियल टाकायचे, एवढेच ते काम. पण त्या दोन अक्षरांना वजन होते. चेक परत गेलेला खातेदार तणतणत काउंटरवर येई, चिठ्ठी पुढे करी आणि विचारी, "ही सही कुणाची?" मग त्या सहीच्या धन्याला खुर्ची सोडून उठावे लागे. मीही पुष्कळदा उठलो आहे. दोनदा चूक माझीच निघाली, तेव्हा माफी मागून चेक पुन्हा पाठवायला लावला होता.

ही चिठ्ठी आज आठवण्याचे कारण आमचे शेजारी. राजोडीला आमच्या कुंपणापलीकडे त्यांची वाडी आहे. वय ७१, अंगकाठी शिडशिडीत, उभ्या आयुष्यात दवाखान्याची पायरी फारशी चढलेली नाही. अकरा वर्षे मेडिक्लेमचा हप्ता न चुकता भरला. दावा एकदाही केला नाही. २०२५ च्या पावसाळ्यात त्यांना ताप भरला. तिसऱ्या दिवशी ग्लानी आली, रक्तातल्या प्लेटलेट भराभर उतरू लागल्या. आमच्या या पट्ट्यात पावसाळ्यात डेंग्यू आणि लेप्टो ही नेहमीची भीती. मुलाने त्यांना रिक्षात घालून जवळच्या खासगी इस्पितळात नेले. डॉक्टरांनी दाखल करून घेतले. इस्पितळातल्या विम्याच्या खिडकीवरून कॅशलेससाठी अर्ज गेला आणि तासाभराच्या आत मुलाच्या मोबाइलवर उत्तर आले. उपलब्ध कागदपत्रांवरून रुग्णाला दाखल करण्याची आवश्यकता सिद्ध होत नाही, सबब कॅशलेस सुविधा नाकारण्यात येत आहे. खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती: कॅशलेस नाकारणे म्हणजे दावा नाकारणे नव्हे.

मुलगा माझ्याकडे आला तो मोबाइल हातात धरूनच. "साहेब, तुम्ही बँकेत होता. यात नक्की काय लिहिले आहे ते सांगा. बाबांना सलाइन लागले आहे आणि हे म्हणतात, दाखल करायची गरजच नव्हती!" मी त्याला अर्थ सांगितला. दुसऱ्या दिवशी त्याने मुदत ठेव मोडली. मुदत ठेव मोडताना व्याजात किती बसते हे मला चांगले ठाऊक आहे. मोडणाऱ्याच्या तोंडावर काय असते तेही. बिल झाले ९४ हजारांचे. पाचव्या दिवशी म्हातारबुवा घरी आले आणि मग परतफेडीच्या दाव्याचे कागद आमच्या ओटीवर पसरले गेले.

पहिली शंका आली ती नावाबद्दल. पॉलिसीवरचे आडनाव आणि इस्पितळाच्या बिलावरचे आडनाव यांत फरक आहे, खुलासा करावा. आता वसईबाहेरच्या वाचकांना यातली गंमत कळायची नाही. आमच्याकडची लोपीस, घोन्साल्वीस, रॉड्रिग्ज, मच्याडो ही आडनावे पोर्तुगिजांबरोबर आली आणि गावच्या जिभेवर घोळून मराठी झाली. मराठीत ती सरळ लिहिता येतात. इंग्रजीत मात्र एकाच घरात बाप एक स्पेलिंग करतो, मुलगा दुसरे आणि रेशनकार्डावरचा कारकून तिसरेच. बँकेत आमच्याकडे यावर उपाय होता. अमुक नावाचा आणि तमुक नावाचा इसम एकच, असे प्रतिज्ञापत्र करून घ्यायचे. पण त्याहून मोठा उपाय म्हणजे खातेदाराला आम्ही तोंडाने ओळखत असू. कागदांत ताळमेळ शोधणाऱ्या यंत्राला तोंड दिसत नाही. त्याला एक 'एस' कमी दिसतो आणि तो संशयास्पद वाटतो.

खुलासा पाठवला. मग ज्वराचा तक्ता मागितला. तो पाठवला. मग रक्ताच्या चाचणीचा मूळ अहवाल मागितला, जो पहिल्याच लखोट्यात होता. प्रत्येक पत्राखाली एकच वाक्य: 'हे संगणकनिर्मित पत्र असल्याने सहीची आवश्यकता नाही.'

या वाक्याशी माझी जुनी ओळख आहे. आमच्या शाखेत लेजर जाऊन संगणकावरचे खातेउतारे आले, तेव्हा त्यांच्या तळाशी हेच छापलेले असे. मला तेव्हा त्याचा आनंदच झाला होता, कारण रोज दीड-दोनशे सह्या वाचल्या. पण खातेउतारा ही बेरीज-वजाबाकी असते. कुणीही पेन्सिल घेऊन ती पडताळून पाहावी. 'तुम्हाला इस्पितळात राहण्याची गरज नव्हती' हा निवाडा आहे. निवाड्याला सही लागत नाही, हे कधी ठरले आणि कुणी ठरवले?

प्रामाणिकपणे सांगायचे तर आमच्या शेजाऱ्यांचा अर्ज यंत्राने नाकारला की कुणा माणसाने, हे आम्हाला आजतागायत कळलेले नाही. आम्ही विचारले, उत्तर मिळाले नाही. माझी तक्रार आहे ती नेमकी इथे.

विमा कंपन्या कृत्रिम बुद्धिमत्ता वापरतात याचे मला आश्चर्य वाटत नाही. विमा नियामकाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालानुसार त्या वर्षी आरोग्यविम्याचे सुमारे ३ कोटी २६ लाख दावे कंपन्यांपुढे आले. दिवसरात्र धरून हिशेब केला तर दर तासाला साडेतीन हजारांहून अधिक. त्यात नियामकाने २९ मे २०२४ च्या परिपत्रकाने नवे घड्याळ लावून दिले. कॅशलेसच्या अर्जाला एका तासात उत्तर द्यायचे, आणि घरी सोडतानाची अंतिम मंजुरी तीन तासांत. त्याहून उशीर झाल्यामुळे इस्पितळाने जादा पैसे लावले तर ते कंपनीने आपल्या भागधारकांच्या खिशातून द्यायचे. नियम विमेदाराच्या भल्याचा आहे. बिल भरायच्या रांगेत दिवसभर ताटकळलेल्या कुणालाही विचारा. पण एका तासात इतके कागद माणसांकडून वाचून होणे नाही. म्हणजे आपल्या सोयीसाठी लावलेल्या घड्याळानेच यंत्राला दार उघडून दिले. ते उघडल्यावर आत कोण आले, हे पाहणेही मग नियामकाचेच काम.

हे यंत्र करते काय? बिलाचे छायाचित्र वाचून त्यातले आकडे वेगळे काढते. रोगाचे नाव, औषधे, दिवस यांची पॉलिसीच्या कलमांशी सांगड घालते. मग पूर्वीच्या लाखो दाव्यांशी तुलना करून या दाव्याला संशयाचे गुण देते. गुण कमी असले की दावा पुढे सरकतो. जास्त असले की अडतो. वरवर पाहता यात गैर काहीच नाही. प्रश्न आहे तो 'पूर्वीच्या दाव्यां'चा. गेली पंधरा-वीस वर्षे तापाच्या रुग्णांचे दावे 'घरी राहून उपचार शक्य होते' असा शेरा मारून परत गेले असतील, तर यंत्र तोच शेरा शिकणार. नव्या कारकुनाला जुना हेडक्लार्क जे शिकवतो तेच तो शिकतो. फरक इतकाच की नवा कारकून कधीतरी जेवणाच्या सुट्टीत विचारतो, "पण साहेब, हे असे का?"

कंपन्यांची बाजूही ऐकायला हवी. खोटी बिले, न झालेल्या शस्त्रक्रिया, तीन दिवसांचे आठ दिवस करणारी इस्पितळे, हे सगळे खरे आहे. कर्ज विभागात मी इतकी बनावट कोटेशने पाहिली आहेत की या बाबतीत मला कुणी भोळा म्हणू नये. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये आयुष्मान भारत योजनेवर अहवाल दिला. त्यात सुमारे साडेसात लाख लाभार्थी ९९९९९९९९९९ या एकाच मोबाइल क्रमांकाला जोडलेले आढळले होते. लाभार्थीची ओळख पटवायला मोबाइल क्रमांक वापरला जात नाही, असा खुलासा पुढे झाला. तो खरा धरला तरी आपल्याकडची माहिती कशी भरली जाते, याचा हा नमुना आहे. घाईतल्या कुणीतरी रकाना भरायचा म्हणून नऊ नऊ दाबत गेले. असल्या माहितीवर यंत्राला संशय घ्यायला शिकवायचे म्हटल्यास ते कुणावर संशय घेईल?

आणि पूर्वी सारे आबादीआबाद होते असेही नाही. १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणले, तेव्हा आधी खिशातून भरायचे, कागद द्यायचे आणि वाट पाहायची. वाट पाहता पाहता माणूस पुन्हा आजारी पडे. यंत्र एका मिनिटात 'हो' म्हणणार असेल तर त्याला माझा नमस्कार. 'हो' म्हणताना त्याने चूक केली तर कंपनीचे दोन पैसे जातील. 'नाही' म्हणताना केली तर एखाद्याची मुदत ठेव मोडेल, एखादा दुखणेकरी सही देऊन अर्ध्यावर घरी जाईल. दोन्ही चुका एका तागडीत तोलायच्या नसतात.

अमेरिकेत हे आपल्या आधी घडले. तिथल्या 'प्रोपब्लिका' या शोधपत्रकारितेच्या संस्थेने मार्च २०२३ मध्ये 'सिग्ना' या बड्या विमा कंपनीच्या कागदपत्रांवरून एक हिशेब मांडला. २०२२ मध्ये दोन महिन्यांत तीन लाखांहून अधिक दावे कंपनीच्या डॉक्टरांनी नाकारले होते आणि प्रत्येक दाव्यावर सरासरी वेळ गेला होता १.२ सेकंद. संगणकाने न जुळणारे दावे बाजूला काढायचे आणि डॉक्टरांनी त्यांच्यावर गठ्ठ्याने सह्या करायच्या. हे नुसते बिले लवकर चुकती करण्याचे साधन आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'युनायटेडहेल्थ' या दुसऱ्या कंपनीवर मिनेसोटातल्या न्यायालयात दावा दाखल झाला. शुश्रूषा केंद्रातल्या वृद्धांना किती दिवस ठेवायचे याचा अंदाज यंत्र करते आणि त्यापुढचे पैसे बंद होतात, असा त्यात आरोप आहे. कंपनीला तो मान्य नाही.

मला त्या १.२ सेकंदांनी विचारात पाडले, कारण तिथे सही होती! डॉक्टरची होती. तेव्हा नुसते 'निर्णय माणसाने घ्यावा' एवढे म्हणून भागत नाही. हे कसे होते ते मी आतून पाहिले आहे. बँकेत कर्जाच्या अर्जाला संगणक गुण देऊ लागला, तेव्हाची गोष्ट. गुण कमी आले आणि अर्ज नाकारला तर अधिकाऱ्याला काहीही लिहावे लागत नसे. गुण कमी असूनही कर्ज द्यायचे असेल, तर मात्र पानभर समर्थन लिहायचे, वरिष्ठांकडे पाठवायचे आणि पुढे ते कर्ज थकले तर चौकशीला सामोरे जायचे. यंत्राशी सहमत व्हायला काहीच लागत नव्हते; असहमत व्हायला छाती लागत होती. संध्याकाळी साडेपाचची विरार लोकल गाठायची असलेला माणूस काय करील? मी जे केले तेच. दोन अर्ज आजही माझ्या डोक्यातून जात नाहीत. त्यांतला एक मासळी सुकवण्याच्या धंद्यासाठी एका बाईंनी केला होता.

म्हणून नियम करायचा तर उलटा करावा. यंत्राच्या नकाराशी सहमत होणाऱ्याने कारण लिहावे. कागद कोणते पाहिले, रुग्णाच्या डॉक्टरांचे मत का पटले नाही, कोणते कलम लागू केले, हे त्याने चार ओळींत सांगावे.

आपल्याकडे काहीच संरक्षण नाही असे मात्र नाही. २०२४ च्या त्या परिपत्रकानुसार कंपनीच्या समितीने, किंवा तिच्यातून नेमलेल्या तीन सदस्यांच्या दावे पुनरावलोकन समितीने मान्यता दिल्याशिवाय कोणताही दावा फेटाळता येत नाही. फेटाळताना पॉलिसीतली नेमकी अट दाखवून कारण द्यावे लागते. लागणारे कागद विमेदाराकडे न मागता इस्पितळाकडून मिळवायचे आहेत. नियम चांगला आहे. पण त्यातला 'फेटाळणे' हा शब्द नीट पाहा. आमच्या शेजाऱ्यांचा दावा कधीच फेटाळला गेला नाही! आधी कॅशलेस नाकारली गेली, म्हणजे दावा शिल्लक होता. मग शंका विचारल्या गेल्या, म्हणजे दावा विचाराधीन होता. अखेर पैसे कापून मिळाले, म्हणजे दावा मंजूरच झाला. तीनही वेळा कुटुंबाने 'नाही' हेच ऐकले, पण नियमाच्या पुस्तकात एकदाही त्याची नोंद झाली नसेल.

ही आमच्या कुंपणापुरती गोष्ट नव्हे. त्याच २०२३-२४ च्या अहवालातले आकडे पाहा. मागितलेल्या सुमारे १ लाख १७ हजार कोटी रुपयांपैकी सुमारे ८३,५०० कोटी दिले गेले. फेटाळलेले दावे सुमारे १०,९०० कोटींचे. आणि 'पॉलिसीच्या अटींनुसार अमान्य' म्हणून न दिलेली रक्कम सुमारे १५,१०० कोटींची. म्हणजे समितीपुढे जाणाऱ्या नकारापेक्षा दुसऱ्या रकान्यात अडलेली रक्कम मोठी आहे. हे सारे यंत्राने केले असे मी म्हणत नाही. त्यातली पुष्कळशी कपात रास्तही असेल. पण पहारा ठेवायचा तर तो दारावरही हवा आणि खिडकीवरही.

यंत्राने काय करावे आणि काय करू नये, याची वेगळी मर्यादा मला त्या परिपत्रकात आढळली नाही. कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून कायदा आहे: उपचार आवश्यक आहे की नाही, हे परवानाधारक वैद्यक व्यावसायिकानेच ठरवायचे, एकट्या यंत्राने नाही. युरोपच्या २०२४ च्या कायद्याने जीवन व आरोग्यविम्यातली जोखीम आणि हप्ता ठरवणारी यंत्रे 'अतिजोखमीची' मानली; दाव्याच्या निकालाचे नाव मात्र त्या कलमात नाही, हे नवलच. आपल्या २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात ज्या माहितीवरून तुमच्याबद्दल निर्णय होणार ती अचूक व पूर्ण असावी, असे बंधन आहे. पण 'माझा निर्णय माणसाने करावा' असा हक्क त्यात नाही. तो युरोपातल्या नागरिकाला २०१८ पासून आहे. रिझर्व्ह बँकेने मुंबई आयआयटीचे प्राध्यापक पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने ऑगस्ट २०२५ मध्ये बँका व वित्तसंस्थांसाठी सात सूत्रे आणि २६ शिफारशी दिल्या. निर्णयाची जबाबदारी यंत्रावर ढकलता येणार नाही आणि त्याचे कारण समजावून सांगता आले पाहिजे, हा त्यांचा गाभा आहे. पण रिझर्व्ह बँकेचा अंमल बँकांवर. कर्ज नाकारलेल्या माणसाचा विचार झाला, आता सलाइन लावलेल्या माणसाचाही व्हावा.

माझ्या मते विमा नियामकाने एवढे तरी करावे. कॅशलेस नाकारणे, दाखल होण्याची गरज नव्हती म्हणणे आणि अमुक रकमेच्या वर कपात करणे, या तिन्ही गोष्टी 'नकार'च समजाव्यात. वैद्यकीय कारणाने दिलेल्या नकारावर डॉक्टरचे नाव आणि नोंदणी क्रमांक असावा. दाखल करून घेणाऱ्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर वैद्यक परिषदेचा क्रमांक असतो; त्याला खोटे ठरवणाऱ्याने निनावी का राहावे? यंत्राने अडवलेल्या किती दाव्यांना पुढे तक्रारीनंतर पैसे मिळाले, तो आकडा कंपनीवार दरवर्षी जाहीर व्हावा. कुठले यंत्र फाजील संशयी आहे ते त्यावरून शाळकरी पोरही सांगेल. आणि पत्र मराठीत यावे. हप्ता मागणारा फोन मराठीत येतो, तर हे का नाही?

तोवर आपल्या हातात काय आहे? नकार आला तर तो लेखी मागा आणि कलमाचा क्रमांक विचारा. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. नियामकाच्या 'बिमा भरोसा' संकेतस्थळावर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. तीस दिवसांत समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे अर्ज करा. तिथे फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे प्रकरण चालते, आणि कंपनीचा अंतिम नकार आल्यापासून वर्षाच्या आत जावे लागते. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तो ३० दिवसांत अमलात आणला नाही तर दिवसाला ५,००० रुपये तक्रारदाराला देण्याची तरतूद आहे. कागद जपून ठेवा. बँकवाल्याचा सल्ला म्हणून सांगतो, पाकिटेसुद्धा.

आमच्या शेजाऱ्यांना लोकपालापर्यंत जावे लागले नाही. चौपन्नाव्या दिवशी ७९,६०० रुपये खात्यात जमा झाले. १४,४०० रुपये 'वाजवी व प्रचलित दरापेक्षा अधिक' म्हणून कापले होते. वाजवी कुणाच्या मते आणि प्रचलित कुठे, अंधेरीत की नालासोपाऱ्यात, हे विचारणारे पत्र मी लिहून तयार ठेवले होते. म्हातारबुवा म्हणाले, "राहू दे साहेब. मिळाले तेवढे मिळाले. आणखी विचारले तर पुढच्या खेपेला माझ्या नावापुढे लाल खूण करतील." तसे काही होत नाही, असे मी त्यांना ठामपणे सांगू शकलो नाही.

येत्या महिन्यात त्यांच्या पॉलिसीचे नूतनीकरण आहे. त्याआधी मुलाने एक काम हाती घेतले आहे. आधार, पॉलिसी, बँकेचे खाते आणि इस्पितळाची नोंद, चारही ठिकाणी वडिलांच्या आडनावाचे स्पेलिंग एक करायचे. पॉलिसीवर जे चुकून पडले होते तेच बाकी तिन्ही ठिकाणी करून घ्या, ते बदलणे सर्वांत सोपे, असा सल्ला त्याला केंद्रावर मिळाला. परवा अर्जावर वडिलांची सही घ्यायला तो ओटीवर बसला होता. ७१ वर्षे जे नाव लावले त्यातले एक अक्षर कमी करून सही कशी करायची, ते म्हातारबुवा कोऱ्या कागदावर गिरवून पाहत होते.